गोवर

तुमच्या घरात एखादे लहान बाळ आहे का? असेल, तर आज घरी गेल्यावर एक काम करा. त्या बाळाचे लसीकरणाचे कार्ड कोठे ठेवले आहे, ते विचारा. बहुतेक घरांत ते रेशनकार्डाच्या पिशवीत, कपाटात किंवा पत्र्याच्या पेटीत असते. आमच्याही घरी ते पेटीत होते. त्या कार्डावरचा एक शब्द मला वेळेवर कळला नाही. त्याची ही गोष्ट आहे.

ही गोष्ट 1999 सालची. मी तेव्हा मालेगावात पाचवीत शिकत होते. आमची गल्ली यंत्रमागांची. दिवसरात्र खटखट चालू असे. त्या आवाजाची आम्हांला इतकी सवय झाली होती, की वीज गेली आणि माग थांबले की झोपलेली माणसे जागी होत. अब्बू मागावर रात्रपाळी करत आणि दिवसा झोपत. घरात अम्मी, दादी, आम्ही तिघी बहिणी आणि सर्वांत धाकटा भाऊ. तीन बहिणींनंतर झालेला हा भाऊ सगळ्यांचा लाडका होता. त्याला नुकताच नववा महिना पूर्ण झाला होता.

नगरपालिकेच्या दवाखान्यातील एक नर्सबाई आमच्या गल्लीत येत असत. पांढरी साडी, खांद्याला निळा डबा, काखेत जाडजूड वही. त्या निळ्या डब्यात बर्फ असे आणि बर्फात लसीच्या बाटल्या. बाई मराठी बोलत. मधूनमधून हिंदी बोलण्याचा प्रयत्न करत. त्यांचे हिंदी ऐकून आम्ही मुली तोंडावर ओढणी धरून हसत असू.

त्या दिवशी दारावर थाप पडली. दादीने फटीतून पाहिले आणि ती माझ्या कानात म्हणाली, “सांग, घरात लहान मूल नाही.”

दादी वाईट नव्हती. तिच्याजवळ कारण होते. काही महिन्यांपूर्वी भावाला त्रिगुणी लस टोचली होती. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तीन रोगांपासून ती लस बाळाला वाचवते. पण त्या रात्री भावाला ताप आला. मांडी सुजली. तो रात्रभर रडला. दोन दिवसांत ताप गेला. पण दादीच्या मनातला राग गेला नाही. असा ताप येऊ शकतो आणि एकदोन दिवसांत जातो, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. “हसते-खेळते मूल यांनी आजारी पाडले,” असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

मी दार अर्धे उघडले. बाईंनी वही उघडली आणि विचारले, “बेटा, बाळ नऊ महिन्यांचे झाले ना? त्याला गोवराची सुई द्यायची आहे.”

गोवर! मला एकदम हसू आले. आपण घरी शेणाला ‘गोबर’ म्हणतो. गोबरची सुई कशाला? मी हसत हसतच म्हणाले, “घरात लहान मूल नाही.”

तेवढ्यात आतल्या झोक्यात भाऊ रडला.

बाईंनी तो आवाज ऐकला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “बरं. अम्मीला सांग, मंगळवारी मी मदरशाच्या ओट्यावर बसते. कार्ड घेऊन या.” मग त्या पुढच्या दाराकडे वळल्या. मी दार लावले. दादीने माझ्या पाठीवर शाबासकी दिली.

मंगळवार आला आणि गेला. पुढच्या आठवड्यात बाई पुन्हा आल्या. या वेळी दादीनेच त्यांना दारातून परत पाठवले.

महिनाभरात भावाला ताप भरला. डोळे लाल झाले, नाक वाहू लागले, खोकला सुरू झाला. चौथ्या दिवशी कानामागे पुरळ दिसले आणि बघता बघता अंगभर पसरले. दादीने पाहताक्षणी ओळखले. ती मटकन खाली बसली. “खसरा!” एवढा एकच शब्द तिच्या तोंडून निघाला. दादीची एक मुलगी, म्हणजे माझी फुफी, दोन वर्षांची असताना खसऱ्याने गेली होती. दादी तिचे नाव कधी घेत नसे. त्या दिवशी तिने घेतले.

घरात कडुलिंबाच्या डहाळ्या आल्या. खिडकीला चादर लावली. भावाला न्हाऊ घालणे बंद झाले, त्याचे खाणेही कमी केले. पुरळ उतरू लागले, तसे सर्वांना वाटले, आता उतार पडेल. पण खोकला वाढला. झोक्याजवळ गेले की श्वासाचा घरघर आवाज येई.

कोणी सांगितले ठाऊक नाही. पण नर्सबाई न बोलावता आमच्या घरी आल्या. दादीने त्यांना अडवले नाही. बाईंनी भावाला अम्मीच्या मांडीवर ठेवायला सांगितले, त्याचा सदरा वर केला आणि मनगटावरचे घड्याळ पाहत त्या गप्प बसल्या. एक मिनिट. त्या भावाचे श्वास मोजत होत्या. मीही मनात मोजू लागले. माझे साठ झाले तरी बाईंचे मोजणे चालूच होते.

“सहासष्ट,” बाई म्हणाल्या. “या वयाच्या बाळाचा श्वास मिनिटाला पन्नास किंवा त्याहून जास्त झाला, तर ते न्यूमोनियाचे लक्षण असते. आणि हे पाहा, श्वास घेताना छाती खालच्या बाजूने आत ओढली जाते. आता घरी थांबायचे नाही.”

त्यांनी अब्बूंना झोपेतून उठवले, रिक्षा बोलावली आणि स्वतः त्यात बसल्या. भाऊ आठ दिवस रुग्णालयात होता. त्याला प्राणवायू लावला, औषधे दिली. अ जीवनसत्त्वाचे डोसही दिले. कारण गोवरात शरीरातील हे जीवनसत्त्व कमी होते आणि डोळ्यांना धोका पोचतो. भाऊ वाचला. पण त्याचा डावा कान वाहू लागला. तो पुढे बरेच महिने वाहत राहिला.

भाऊ घरी आल्यावर बाई त्याला पाहायला आल्या. दादीने त्यांच्यासाठी स्वतः चहा केला. बोलता बोलता बाई म्हणाल्या, “मी याच रोगाची सुई घेऊन दोनदा दारात आले होते, आजी.”

दादी त्यांच्याकडे बघतच राहिली. “खसऱ्याची सुई? खसऱ्याची सुई असते?”

“असते ना. गोवर म्हणजेच खसरा.”

“मग तुम्ही खसरा का नाही म्हणालात?” दादीचा आवाज कापत होता. “खसऱ्याची सुई आहे असे कळले असते, तर मी स्वतः नातवाला उचलून आणले असते. मी तर एक मूल खसऱ्यात घालवलेले!”

बाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी वही उघडली आणि ‘गोवर’ या शब्दाशेजारी पेनाने ‘खसरा’ असे लिहिले. पुढच्या मंगळवारपासून आमच्या गल्लीत त्यांची हाक बदलली. “खसरे की सुई! नौ महीने का बच्चा है क्या?” ही हाक ऐकली की बायका दार उघडत. काही जणी कार्ड शोधू लागत.

त्या दिवशी रात्री मी पेटीतून भावाचे कार्ड काढले. कार्ड मराठीत होते. अम्मी आणि दादी उर्दू वाचत. मराठी अक्षरे त्यांना येत नव्हती. मला येत होती. शाळेत मी धडे घडाघडा वाचून दाखवत असे. कार्डावर स्पष्ट लिहिले होते, ‘गोवर - 9 महिने’. पुढची जागा रिकामी होती. घरात ते वाचू शकणारी मी एकटीच होते. मी ते वाचले नाही. दारात तो शब्द कानांवर पडला, तेव्हा त्याचा अर्थ विचारण्याऐवजी मी हसले. वर खोटेही बोलले.

मित्रांनो, पुढे मी बी.एड. केले आणि शिक्षिका झाले. तेव्हा मला बाईंचे काम अधिक समजू लागले. लहानपणी वाटे, की सुई टोचणे हेच नर्सचे काम. खरे तर सुई हे त्यातले शेवटचे आणि सर्वांत सोपे काम आहे. लस थंड ठेवावी लागते, 2 ते 8 अंश सेल्सियसच्या दरम्यान. ती उन्हात राहिली की निकामी होते. गोवराची बाटली एकदा उघडून तयार केली, की चार तासांत वापरावी लागते. उरलेली फेकून द्यावी लागते. म्हणून ओट्यावर बसलेली नर्स वाट पाहत असते, की मुले वेळेवर येतील. मुले आली नाहीत, तर तिला पुन्हा दारोदार जावे लागते. कालचे बंद दार आज पुन्हा वाजवणे, हे तिचे खरे काम.

गंमत पाहा. ज्या 1999 साली आमच्या घरी हे घडले, त्याच वर्षी आपल्याच महाराष्ट्रातील एक काम जगापुढे आले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्यांना ‘आरोग्यदूत’ म्हणत. त्या घरी जाऊन बाळाचे वजन करत, त्याला ऊब देत, श्वास मोजत, गरज पडल्यास औषध देत. त्या भागात पूर्वी दर हजार नवजात बाळांपैकी सुमारे 62 बाळे पहिल्या महिन्यातच दगावत. तीन वर्षांत ही संख्या 25 च्या आसपास आली. ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने ही हकिकत छापली. त्या बायका मोठ्या डॉक्टर नव्हत्या. पण त्या गावच्याच होत्या, गावची बोली बोलत होत्या. त्यांच्यासाठी दार उघडत होते.

तुमच्या गल्लीत येणारी आशाताई याच वाटेने आली आहे. 2005 पासून देशात आशा कार्यकर्त्या काम करू लागल्या. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल, तर ती बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. घरी बाळंतपण झाले असेल, तर पहिल्या दिवशीही येते. बाळ दूध ओढते का, अंग गार पडले आहे का, नाळ पिकली आहे का, हे ती पाहते. तिला दारातच उभे ठेवू नका. आत बोलवा, पाणी द्या.

आमच्या काळी गोवराची एकच मात्रा असे. आता गोवर-रुबेलाच्या दोन मात्रा देतात. पहिली नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. 2018 च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी या लसीची मोठी मोहीम सुरू झाली. तेव्हा माझ्या वर्गातील बऱ्याच मुलांच्या घरून नकार आला. मी नर्ससोबत त्यांच्या घरी गेले. मी फार काही केले नाही. फक्त एका कागदावर मोठ्या उर्दू अक्षरांत ‘खसरा’ असे लिहून नेले. काही दारे उघडली, काही उघडली नाहीत. न उघडलेली दारे मला आजही आठवतात; कारण गोवर फार वेगाने पसरतो. एका रुग्णापासून लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना तो होऊ शकतो. करोनाच्या काळात अनेक बाळांच्या लसी राहून गेल्या. पुढे 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी, तसेच भिवंडी आणि आमचे मालेगाव येथे गोवराची साथ आली. लहान मुले दगावली. 

माझा भाऊ आता मोठा झाला आहे. डाव्या कानाने त्याला फार कमी ऐकू येते. कोणी बोलू लागले, की तो मान वळवून उजवा कान पुढे करतो. नव्या माणसाला वाटते, किती लक्ष देऊन ऐकतो हा! मला मात्र दर वेळी ते अर्धे उघडलेले दार दिसते.

मी शिक्षिका झाल्यावर एकदा धीर करून त्याला सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आपा, तू दहा वर्षांची होतीस.” एवढेच. गेल्या वर्षी त्याची मुलगी नऊ महिन्यांची झाली, तेव्हा तो सकाळीच तिला घेऊन माझ्याकडे आला. हातात कार्ड होते. “चल,” तो म्हणाला, “आणि कार्ड तूच वाच.”

मी ते मोठ्याने वाचले. गोवर. खसरा.

मित्रांनो, तुम्ही उर्दू जाणता आणि आता मराठीही शिकत आहात. तुमच्या घरात असे कोणीतरी असेल, ज्याला कार्डावरची ही अक्षरे वाचता येत नाहीत. आज घरी जा, ते कार्ड काढा आणि सर्वांना ऐकू जाईल असे वाचा. एखादा शब्द अडला तर हसू नका. उद्या वर्गात येऊन विचारा.