बाळंतिणीला आडोसा



२०२० सालच्या टाळेबंदीवर पुष्कळ लिहून झाले आहे. कोणाचे काम गेले, कोण पायी गावी निघाले, कोणाला शेवटचा खांदाही मिळाला नाही. आमच्या घरात मात्र त्याच दिवसांत एक मुलगी जन्माला आली. तिच्या आईशी आम्ही घरातल्या दोघी थोरल्या जावा कशा वागलो, तेवढेच येथे सांगायचे आहे.

नायगावच्या बी.डी.डी. चाळीतली आमची खोली १६० चौरस फुटांची आणि माणसे सहा. सुनेचे नाव इथल्याच दवाखान्यात घातलेले होते, म्हणून तिची आई चिपळूणहून येऊन महिनाभर राहणार होती. पण २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, पाठोपाठ एस.टी. बंद, रेल्वे बंद, आणि २५ मार्चपासून सारा देशच बंद. २ एप्रिलला सून बाळंत झाली. आई फक्त मोबाईलवर दिसली.

एरवी पुरुष माणसे सकाळी कामावर गेली की खोली दुपारभर बायकांची असते. बाळंतीण अंग मोकळे सोडून बसते, शेजारणी येतात, पाजता पाजता चार गोष्टी होतात. आता तिन्ही पुरुष दिवसभर घरात. दार लावलेले, टी.व्ही. चालू. शेजारीण उंबऱ्यापाशी यायलाही भीत होती. मग सून काय करी? बाळ रडले की मोरीचा पडदा ओढून आत पाटावर बसायची. बाहेरून कोणी "पाणी घ्यायचंय" म्हटले की बाळाला अर्धपोटीच उचलून बाहेर यायची. हे रोज आमच्या डोळ्यांसमोर चालले होते आणि त्यात काही वावगे आहे असे आम्हांला वाटले नाही. आम्हीही त्याच मोरीत पाजले होते ना!

आठवड्याभरात बाळ रात्रभर किरकिरू लागले. "दूध पुरत नाही तुझं," आम्ही म्हणालो. दिवसातून दहादा म्हणालो. आम्हांला काळजी खाण्याची. हळीव मिळेना, डिंक मिळेना, दुकाने बंद. शेवटी केमिस्टच्या रांगेत उभे राहून पावडरचा डबा आणला. एका रात्री ती हळूच म्हणाली, "आई, मला बाळाला जवळ घ्यावंसंच वाटत नाही." आम्ही दोघी एकदम बोललो, "असं अभद्र बोलू नये." ती गप्प झाली. पुढे तीन दिवस गप्पच होती.

१४ एप्रिल आला. त्या वर्षी बाबासाहेबांची जयंती घरातच करायची होती. फोटोला हार घातला, मेणबत्त्या लावल्या, वंदनेला उभे राहिलो. बाळ रडू लागले आणि सून मोरीत गेली. वंदना संपली तरी पडद्याआड दोघींचे रडणे चालूच होते, बाळाचे आणि तिचे. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात बाबासाहेबांनी बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. १९२९ साली मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. महिला मंडळाच्या सभेत हे आम्ही कितीदा तरी सांगितले असेल. त्या दिवशी एकमेकींकडे बघवेना.

दोन दिवसांनी ताप तपासायला आरोग्य सेविका दाराशी आल्या. त्यांनी आम्हांला नव्हे, सुनेला विचारले, "तुम्ही कशा आहात?" सून तिथेच रडली. बाईंनी दारातूनच समजावले. दूध तयार होणे वेगळे आणि पान्हा उतरणे वेगळे. भीती, लाज, अपुरी झोप यांनी पान्हा अडतो, म्हणजे दूध आटले असे नव्हे. बाळ जितके चोखेल तितके दूध येते. वरचे दूध वाढवले की चोखणे कमी, मग अंगावरचेही कमी. दिवसरात्रीत सहा तरी लंगोट ओले होताहेत ना आणि वजन वाढते आहे ना, ते पाहा. सुनेला करोनाचीही धास्ती होती. बाईंनी सांगितले, करोना झालेल्या आईनेसुद्धा मास्क लावून, हात धुऊन पाजावे, असेच जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. आणि हे रडणे दोन आठवड्यांपुढे गेले तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

बाळाच्या आजोबांनी हे सारे ऐकले. काही न बोलता मास्क लावला, स्टूल उचलले आणि दोन्ही मुलांना घेऊन मधल्या पॅसेजमध्ये जाऊन बसले. तेव्हापासून दुपारी दोन तास आणि संध्याकाळी एक तास खोली बायकांची ठरली. मोरीतला पाट भिंतीशी आला, पाठीला उशी आली. "दूध पुरत नाही" हा शब्द आम्ही जिभेवर येऊ दिला नाही. निदान प्रयत्न केला. सहावा लंगोट ओला झाला की सून स्वतःच हसून बोट दाखवायची.

रडणे मात्र लगेच थांबले नाही. मे महिन्यातही ती मध्येच डोळे पुसायची. फोनवरून डॉक्टरांशी बोलायला आम्ही जूनपर्यंत वेळ काढला, "होईल आपोआप" म्हणत. ते बोलणे आधीच व्हायला हवे होते. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा तिला फोनवर बोलते केले, तेव्हा हळूहळू ती खाऊ लागली, झोपू लागली. पावडरचा डबा अर्धा तसाच राहिला.

ऑगस्टच्या २० तारखेला जिल्ह्याबाहेरची एस.टी. सुरू झाली आणि त्याच आठवड्यात चिपळूणच्या विहीणबाई आल्या. नात तोवर साडेचार महिन्यांची. पिशवीत मार्चपासून जपून ठेवलेले हळीव होते. हातपाय धुऊन त्या बसल्या तशी सून त्यांच्या मांडीवर डोके ठेवून आडवी झाली आणि बाळाला कुशीत घेऊन पाजू लागली. आम्ही दोघी उठलो, दार ओढून घेतले आणि पॅसेजमध्ये पुरुषांशेजारी जाऊन बसलो.