बहात्तरचा पाऊस

भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाने १९०१ पासूनचा देशाचा रोजचा पाऊस संगणकाच्या फायलींत मांडून सर्वांसाठी मोफत ठेवला आहे. वर्षाला एक फाईल. भूगोलाच्या तासाला हे ऐकले आणि वाटले, ज्या दुष्काळात आजी खडी फोडायला जात होती, त्या १९७२ सालचा पाऊस आपणही पाहावा.

फाईल उतरवून घेतली. उघडली तर पडद्यावर नुसती अगम्य चिन्हे! घरच्या ट्रंकेत जमिनीचा एक जुना मोडी कागद आहे, त्याची आठवण झाली. मजकूर आहे, पण वाचणारा नाही.

शोध घेता घेता उलगडा झाला. 'जीआरडी' फायलीत एकापुढे एक नुसते आकडे असतात. देशाच्या नकाशावर पाव अंशाची जाळी टाकलेली. पूर्व-पश्चिम १३५ बिंदू, दक्षिणोत्तर १२९. म्हणजे एका दिवसाचे १७,४१५ आकडे! कोणता आकडा कुठला, हे वेगळ्या फायलीत लिहून दिले, तरच 'ग्रॅड्स' ही प्रणाली ते वाचते. याच पावसाची 'नेटसीडीएफ' फाईलही मिळते. ती मात्र अक्षांश, रेखांश, तारीख सारे पोटात बाळगते. ती उघडणारी 'पॅनोप्ली' ही प्रणाली अमेरिकेतील नासाच्या संस्थेने विनामूल्य दिली आहे; संगणकावर 'जावा' तेवढे असावे लागते.

अखेर नकाशा उमटला. आमच्या गावाजवळचा बिंदू शोधून जूनपासून एकेक दिवस पुढे सरकवला. कोरड्या दिवसांच्या रांगेत मधूनच थोडा पाऊस दिसे. आजी तर सांगते, थेंब पडला नाही. मग खरे कोणाचे?

दोन बिंदूंमधले अंतर सुमारे २७ किलोमीटर. तिथला आकडा आसपासच्या पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून काढलेला. आमच्या शिवारावर नेमके काय पडले, ते त्यात नाही. हे आजीला समजावून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "पडला आसंल गं पोरी. पर पेरलेलं उगवाया कुटं पडला?"

आजीला हवा होता तो पाऊस वेळेवरचा. आकड्याला तारीख असते. पेरणी कधी झाली, दुबार कधी करावी लागली, हे त्याला ठाऊक नसते. ते सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. म्हणून मी एक वही केली आहे. डाव्या पानावर फायलीतला पाऊस उतरवते, आणि उजव्या पानावर आजी सांगेल ते.