हेस्टिंग्ज रस्त्यावरची दुपार

थोरल्या बहिणीचा मुलगा नोकरीनिमित्त व्हँकूवरला असतो. त्याने मे महिन्याच्या सुटीत तिकीट पाठवले, आणि मराठीच्या अधिव्याख्यात्याला फुकटचा प्रवास नाकारण्याची सवय नसते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे हे शहर मोठे देखणे. पुढे समुद्र, मागे माथ्यावर बर्फ घेतलेले डोंगर. भाच्याने दोन दिवसांत सगळे दाखवले, शेवटी गॅसटाउन. तिथले वाफेचे घड्याळ दर पाव तासाला शिट्ट्या मारते. बसवले १९७७ साली, पण आव आणते शंभर वर्षांचा! या भागाचे नाव जॅक डायटन नावाच्या एका बडबड्या गुत्तामालकावरून पडले. १८६७ साली तो व्हिस्कीचे पिंप घेऊन इथे उतरला आणि ‘गुत्ता बांधून द्या, हवी तेवढी प्या’ असे सांगून त्याने लाकूडगिरणीच्या कामगारांकडून तो चोवीस तासांत उभा करून घेतला, अशी आख्यायिका आहे. म्हणजे गावाची मुहूर्तमेढच गुत्त्याची.

पुढच्या वळणाशी भाचा थबकला. “मामा, पलीकडे हेस्टिंग्ज स्ट्रीट. तिकडे नको.”

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेल्यावर मी नेमका तिकडेच गेलो. निमित्त मात्र सोज्वळ होते. त्या रस्त्यावर कार्नेगीच्या देणगीतून १९०३ साली उघडलेली ग्रंथालयाची दगडी इमारत आहे. जिन्याच्या रंगीत काचांत शेक्सपिअर आणि मिल्टन आहेत, आणि त्यांच्या छायेत, ज्यांना घरदार नाही अशी माणसे वर्तमानपत्र वाचत बसतात. १९८० पासून हे वस्तीचे केंद्र झाले आहे.

बाहेर मात्र पाहवत नाही. ढकलगाडीत संसार, भिंतीला टेकलेली शरीरे, कुणी कमरेतून वाकून उभ्याउभ्याच झोपलेले. जंगलात लाकूड तोडणारे, खाणीत राबणारे मजूर बेकारीच्या दिवसांत राहत, अशा एकखणी हॉटेलांची ही वस्ती. कामे गेली, खोल्या राहिल्या. पुढे मनोरुग्णालये रिकामी होऊ लागली तेव्हा तिथलीही पुष्कळ माणसे इथेच आली. मग हेरॉइन, आणि अलीकडे त्याहून कितीतरी जहाल फेंटानिल. २०१६ साली प्रांताने आणीबाणी जाहीर केली ती या मरणांसाठी.

मला चकित केले ते एका कवीने. बड ऑसबर्न हा स्वतः हेरॉइनच्या नादातून गेलेला माणूस. १९९७ साली त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी जवळच्या ओपनहायमर बागेत मेलेल्यांसाठी एक हजार क्रूस रोवले. पुढच्याच वर्षी व्यसनींची स्वतःची संघटना उभी राहिली. उपदेश करणारे बाहेरचे नव्हेत. जे त्या गल्लीत झोपत, तेच रात्री तिथे गस्त घालू लागले. २००३ साली याच रस्त्यावर देखरेखीखाली सुई टोचून घेण्याचे केंद्र निघाले. सरकारला ते बंद करायचे होते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने वाचवले. आम्हां मध्यमवर्गीयांना हे ऐकून घेरी येते. मलाही आली. पण त्या केंद्राच्या भिंतींआड नशेच्या अतिरेकाने एकही माणूस दगावलेला नाही, तेव्हा घेरी आवरती घ्यावी लागली.

एका दारात पन्नाशीची बाई नवख्यांना नॅलोक्सोन कसे द्यायचे ते दाखवीत होती. तीही कधीकाळी याच फुटपाथवर होती. “हलवा, हाक मारा, रुग्णवाहिका बोलवा. हनुवटी वर करा. दर पाच सेकंदांना एक श्वास. मग मांडीत सुई.”

“आणि नंतर?” मी विचारले.

“नंतर बसून राहायचं. औषध आधी उतरतं, विष मागे राहतं. श्वास पुन्हा थांबू शकतो. एकटं सोडायचं नाही.”

माझा धाकटा भाऊ दारूने गेला. नोकरी गेली, मग घर गेले. खरे म्हणजे घर गेले नाही, आम्ही दार लावले. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे, तिथे या वाटेने गेलेली माणसेच नव्यांना हात देतात, हे मला ठाऊक होते. पत्ता आमच्या टेलिफोनच्या वहीत होता. दोनदा भाऊ जाऊन पळून आला, तिसऱ्यांदा मी विचारले नाही. एकदा गाडी सुटायच्या बेतात असताना तो मला पुणे स्टेशनच्या फलाटावर दिसला, खांबाला टेकून बसलेला. शेजारी सहकारी होते. मी वर्तमानपत्र उघडले.

तो गेल्यावर महिन्याभराने दाढी वाढलेला एक माणूस दाराशी आला. कागदात गुंडाळलेला भावाचा चष्मा त्याने पुढे केला. “रात्री खोकला फार यायचा हो त्यांना,” तो म्हणाला. “मी बसून असायचो.” तोंडाला दारूचा वास होता. मी पन्नासाची नोट दिली. त्याने ती घेतली नाही. उंबऱ्याच्या आत या, असे मी म्हटले नाही.

बाईने माझ्या हातात सरावाची रिकामी सुई ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून करायला सांगितले. तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर तिचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिले होते. त्या माणसाचे नाव मी विचारले नव्हते.