वरच्या अंगाला

राजापूर तालुक्यातलं तिचं माहेरचं घर चिऱ्याचं. त्या पट्ट्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा ओल येणार हे घर बांधतानाच धरलेलं होतं. जोतं कमरेएवढं उंच, वळचण पुरुषभर उंचीपर्यंत खाली ओढलेली, पश्चिमेच्या भिंतीला मे संपता संपता नारळाच्या झापांचा आडोसा. शाकारणी झाली तरी पहिल्या मोठ्या पावसात माजघरात कुठंतरी ठिपकायचंच. मग वडील माळ्यावर चढायचे आणि ती खाली कंदील धरून उभी राहायची. ठिपकतं त्याच्या बरोबर वरचं कौल कधी फुटकं निघायचं नाही. फुटकं कौल असायचं दोन-तीन हात वरच्या अंगाला; पाणी तिथून आत शिरून वाशावरून घरंगळत यायचं आणि कुठल्यातरी गाठीपाशी अडून खाली पडायचं. पुढं इमारतींच्या तपासणीत उभा जन्म गेला, पण याहून मोलाचं काही आपल्याला कुणी शिकवलं नाही असं ती मानते.

रत्नागिरीच्या तंत्रनिकेतनातून स्थापत्यची पदविका घेऊन ती ऐंशीच्या दशकात मुंबईला, गिरगावातल्या काकांकडे आली. चाळ लाकडी सांगाड्याची. सार्वजनिक मोरीचं पाणी वर्षानुवर्षं तुळयांच्या टोकांत मुरत होतं, आणि लाकडाचं जे टोक भिंतीत गाडलेलं असतं तेच आधी कुजतं. बाहेर दिसणारा भाग ठणठणीत. काकूची तक्रार एवढीच, की दाराची कडी बसत नाही. दरवर्षी सुतार येऊन दार तासून जायचा. खरं तर दार फुगलेलं नव्हतं, चौकट तिरकी होत होती, कारण वरची तुळई खाली बसत चालली होती. काकांनी अर्ज केला, म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाची माणसं येऊन बघून गेली आणि गॅलरीत टेकू उभे राहिले. मुंबई बेटावरच्या, सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या उपकरप्राप्त इमारतींची जबाबदारी या मंडळाकडे आहे. पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी निघते तीही त्यांचीच. अशा घरात शिरताना ती आजही आधी सगळी दारं उघडून-लावून बघते.

नंतरची वर्षं आरसीसीच्या इमारतींत गेली. हातात छोटा हातोडा, पर्समध्ये खडू.

काँक्रीट मुळात इतकं अल्कधर्मी असतं की आतल्या सळईवर आपोआप संरक्षक थर बसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत जाऊन हा अल्कधर्म कमी करतो. खारी हवा किंवा न धुता वापरलेली खाडीची रेती असेल तर तिच्यातलं मीठ त्या थराला थेट पोखरतं. त्यात ओल पोचली की सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते आणि ती तो काँक्रीट फोडून घेतो. खांबावर सळईच्या रेषेत उभी भेग, तिच्या कडेनं तपकिरी डाग दिसला, म्हणजे आत हे सुरू झालेलं आहे. वरून गिलावा करून रंग फासला की डोळ्यांना काही दिसत नाही. हातोड्यानं ठोकलं तर मात्र धड काँक्रीट खणखणीत वाजतं आणि सुटलेलं बद्द वाजतं.

४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला एक बेकायदा सात मजली इमारत कोसळली. वर काम चालू होतं आणि खाली माणसं राहायला आलेली होती. ७४ जीव गेले. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली चार मजली इमारत बसली, १७ माणसं गेली. तिच्या तळमजल्यावर फेरबदलाचं काम चालू होतं. तेव्हापासून कुठल्याही इमारतीत गेली की ती आधी तळमजल्यावर कुणी दुकानासाठी, दवाखान्यासाठी भिंती पाडल्यात का ते विचारते. आपण चौथ्या मजल्यावर घर घेतो तेव्हा खालच्या सगळ्या मजल्यांनी काय केलंय त्यावर राहणार असतो.

तिला राग येतो तो लोकांच्या भिडेचा. माणसं वीस वर्षांचं कर्ज काढतात आणि घर बघायला वीस मिनिटं देतात. मुख्य दरवाजा कुठल्या दिशेला आहे हे मोबाइलवर होकायंत्र लावून तपासतात, पण छताकडे मान वर करत नाहीत. मालकानं चहा पुढं केला की त्याच्यासमोर नळ सोडून बघणं, कपाट ओढून मागची भिंत चाचपणं लोकांना वाईट दिसतं. ज्यात उभ्या घराची कमाई जाणार आहे तिथं ही भीड कसली?

परवा भाचा आणि भाचेसून तिला डोंबिवलीतला एक जुना फ्लॅट बघायला घेऊन गेले.

"मावशी, लिफ्ट इकडे आहे. तिसरा मजला," भाचा म्हणाला.

"आधी पार्किंग बघू. तिथं कुणी रंग देत नाही."

पार्किंगचे खांब बरे निघाले. जिन्याची खालची बाजूही कोरडी होती. फ्लॅट मात्र नुकताच रंगवलेला, एजंट म्हणाला, "मॅडम, पंधरा दिवसच झालेत, तुम्हाला काही करायला नको." हॉलमध्ये खांब आणि भिंत मिळतात तिथं एक सरळ, केसभर भेग होती. भाचेसून तिच्याकडे बोट दाखवून गप्प झाली. ती म्हणाली, "ही राहू दे. गिलाव्याखाली जाळी मारलेली नसली की अशी येते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून रुंद होत गेलेली दिसली तर मला हाक मार."

बेडरूममध्ये चार भिंतींपैकी एकाच भिंतीला वॉलपेपर होता. पलीकडं बाथरूम. तिनं खाली वाकून, स्कर्टिंगच्या वरच्या कडेवरून नख ओढलं. नखात पांढरी भुकटी आली: लोणा. भिंतीत पाणी मुरतं, वाळताना आतले क्षार बाहेर आणून ठेवतं. पॅसेजच्या तेवढ्याच तुकड्याला पीओपीचं छत होतं, बाकी घराला कुठंच नाही. तिनं स्टूल मागवलं, बाथरूमवरच्या माळ्याची झडप उघडून मोबाइलची बॅटरी आत मारली. पीओपीच्या वरची खरी स्लॅब तिथून दिसत होती. काळपट वर्तुळ, त्याच्या मधोमध सळईचे तपकिरी पट्टे.

एजंट म्हणाला, वरच्यांच्या बाथरूमचं गळतंय, ते करून देतील. हे नेहमीचं उत्तर आहे आणि बऱ्याचदा खरंही असतं. बाथरूमची स्लॅब खाली घेऊन वर विटांच्या तुकड्यांचा भराव करतात. कोबा फुटला की त्यात पाणी साठून राहतं आणि खालच्याच्या छतातून पाझरतं. पण ती जिना चढून वर गेली. चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अहो, आमचं बाथरूम दोनदा फोडून झालं. नवीन लाद्या झाल्या, पाणी थांबत नाही." त्यांच्या खिडकीतून तिनं डक्टमध्ये डोकं घातलं. ड्रेनेजच्या बिडाच्या पाइपाच्या सांध्यातून चांगलं मनगटाएवढ्या खोडाचं पिंपळाचं झाड वर आलेलं होतं, मुळं थेट भिंतीत गेलेली. पाइप तिथंच तडकला होता.

खाली सोसायटीच्या ऑफिसात तिनं सेक्रेटरींकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागितला. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची वहीही मागितली, कारण गळती, दुरुस्ती निधी, भांडणं, सगळं त्यात लिहिलेलं सापडतं. भोगवटा प्रमाणपत्र आहे का, जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हेही विचारलं. वरळीच्या कॅम्पा कोला आवारात पाच मजल्यांची परवानगी असताना एक इमारत वीस मजल्यांपर्यंत गेली. तिथं घर घेतलेल्यांनी पंचवीस-तीस वर्षांनी सर्वोच्च न्यायालयात काय ऐकलं, ते २०१३ साली सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं आहे. नव्या इमारतीत रेरा कायद्यानं ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष बिल्डरनं विनामूल्य दुरुस्त करून द्यायचे असतात. जुन्या फ्लॅटचा बिल्डर शोधायचा कुठं?

सेक्रेटरी भला माणूस निघाला. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत त्यानं लगेच काढून दिली. ऑडिटचा शेवटचा अहवाल नऊ वर्षांपूर्वीचा होता, हेही त्यानं लपवलं नाही. भाच्यानं टोकनचा चेक खिशातच ठेवला. पाइप बदलून घ्यावा आणि नवं ऑडिट व्हावं, मग भावाचं बोलू, असं मालकाला कळवलं आहे.

"पाऊस सुरू झाला की लगेच येऊन बघू या का?" भाचेसुनेनं रिक्षात विचारलं.

"लगेच नको," ती म्हणाली. "पंधरा दिवस चांगलं मुरू दे. आणि येण्याआधी एजंटला फोन करू नका."