विकत घेतलेली स्मरणशक्ति

स्मरणशक्ति बाजारांत विकत मिळते, असें आम्हांस लहानपणीं कोणीं सांगितलें असतें, तर परीक्षेच्या दिवसांत आम्हीं त्या दुकानाचा पत्ता प्रथम विचारला असता. परवां ती विकत आणण्याचा प्रसंग खरोखरच आला. मात्र ती हवी होती आम्हांस नव्हे, आमच्या घरांतील संगणकास.

हा संगणक २०१३ सालचा. त्यावर आमची आई गेलें वर्षभर आपल्या माहेरच्या आठवणी लिहीत आहे. वय ७८, टंकलेखनाचा वेग बेताचा, पण निष्ठा दांडगी. अलीकडे असें होऊं लागलें कीं, तिनें अक्षर दाबावें आणि तें पडद्यावर उमटेपर्यंत वाट पाहत बसावें. शेजारीं बसून आम्ही दोनतीनदां म्हणालों, "आई, तूंच फार हळू आहेस." एके सायंकाळीं यंत्र मध्येंच थिजलें, बंद करून पुन्हां सुरू करावें लागलें आणि तीन पानें नाहींशीं झालीं. "राहूं दे रे," ती म्हणाली, "माझ्याच आतां कांहीं लक्षांत राहत नाहीं." तिनें चष्मा काढून ठेवला आणि पुढें आठ दिवस ती त्या खुर्चीकडे फिरकली नाहीं.

मग आम्हीं यंत्राची प्रकृति तपासली. मेमरी अवघी ४ जीबी. तीही इतर कामांनींच व्यापलेली. संगणकाचें कोठार म्हणजे डिस्क. रॅम हा स्वयंपाकघरांतील ओटा होय. ओटा भरला कीं एक पातेलें कोठींत ठेवावें तेव्हां दुसरें बाहेर काढतां येतें. दोष बाईच्या हाताचा नसतो, जागेचा असतो. शिवाय वीज जातांच ओट्यावरचें सारें पुसलें जातें. तीं तीन पानें ओट्यावरच होतीं. रॉबर्ट डेनार्ड यांस १९६८ सालीं ज्या रचनेचें पेटंट मिळालें, तींत एकेक बिट म्हणजे इवल्या धारित्रांत सांठविलेला विद्युद्भार. तो गळत राहतो, म्हणून सेकंदांतून अनेक वेळां त्यास उजाळा द्यावा लागतो. उजाळा न मिळालेली आठवण टिकत नाहीं, हा नियम यंत्रासही चुकला नाहीं.

आम्हीं लॅमिंग्टन रोडवरून मोठ्या ऐटींत एक पट्टी आणली. ती बसेना. आमचें यंत्र डीडीआर३ जातीचें, त्याच्या पट्टीस २४० टोकें. आणलेली डीडीआर४, तिला २८८, आणि मधली खांच भलत्याच ठिकाणीं. दुकानदारानें जात विचारली होती. आम्हींच न पाहतां उत्तर दिलें होतें. दुसऱ्या खेपेस ८ जीबीची योग्य पट्टी आणली. वीज काढली, अंगांतील स्थिर वीज निघून जावी म्हणून पेटीच्या पत्र्यास हात लावला आणि पट्टी दाबून बसविली. यंत्र नुसतें टूंटूं करूं लागलें, पडदा काळाच.

आई केव्हां मागें येऊन उभी राहिली, कळलें नाहीं. "दोन्ही टोकांच्या कड्या मिटल्या का रे? एक उघडी दिसते."

खरेंच एक उघडी होती. पुन्हां वीज काढून पट्टी दाबतांच 'टक्' असा आवाज झाला, यंत्र जागें झालें आणि पडद्यावर १२ जीबीचा आंकडा आला.

आतां अक्षरें आईच्या बोटांमागोमाग धांवतात. हरवलेलीं तीन पानें मात्र कोणत्याही पट्टीनें परत येणारीं नव्हतीं. तीं तिनें नव्यानें लिहिलीं. त्यांत आजोबांच्या विहिरीवरची मोट आहे आणि मोटेच्या दोन्ही बैलांचीं नांवें आहेत. लक्षांत राहत नाहीं म्हणणाऱ्या बाईस सत्तर वर्षांपूर्वींच्या बैलांचीं नांवें ठाऊक होतीं. आणि यंत्राचा दोष तिच्या माथीं मारणाऱ्या आम्हांस घरच्या यंत्राची जातही ठाऊक नव्हती! मेमरी नेमकी कोणाची वाढवावयास हवी होती, याचा निर्णय आम्ही वाचकांवर सोपवितों.