माझ्या खिशातला नंबर

लकडगंजात एकतीस वर्षं मी लाकूडवाल्यांचे हिशेब लिहिले. 1 जुलै 2017ला जीएसटी लागला, तेव्हाची धावपळ अजून आठवते. नोंदणीसाठी जागोजागी मोबाइल आणि ईमेल विचारला जायचा. शेठ गिऱ्हाइकासमोर सागवानाचे घनफूट मोजत असायचे, मागे आरामशीन सुरू. कोड आला का बघा म्हटलं की वैतागायचे. मग मीच म्हणालो, "राहू द्या, माझाच नंबर टाकतो." सात दुकानांच्या नोंदणीत मी माझं दुसरं सिम दिलं, आणि त्याच नंबरावर काढलेला एक ईमेल.

विवरणपत्र भरताना येणारा तो सहा आकडी कोड म्हणजे मालकाची सही. सात मालकांच्या सह्या मी खिशात घेऊन फिरत होतो, आणि आपण त्यांचा त्रास वाचवतोय असं मनापासून मानत होतो.

जुलै 2018मध्ये अर्थ मंत्रालयाचं निवेदन आलं. नोंदणी करून देणाऱ्या मध्यस्थांनी स्वतःचेच मोबाइल-ईमेल टाकलेत आणि आता ते व्यापाऱ्याला माहिती देत नाहीत, अशा तक्रारी होत्या. म्हणून अधिकाऱ्यामार्फत नंबर बदलून घ्यायची सोय केली होती. मी ते नीट वाचलं, फाइललाही लावलं. हे लबाडांसाठी आहे, असं मला वाटलं. मी कुणाची माहिती अडवून धरली नव्हती. त्या आठवड्यात सातही शेठना घेऊन गेलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. माझी खरी चूक ती.

2021मध्ये तो जुना फोन कपाटात गेला आणि सिमचा रिचार्ज राहून गेला. प्रीपेड नंबर 90 दिवस वापरात नसला, त्यात शिल्लकही नसली, तर तो बंद होऊ शकतो. त्यानंतर किमान 90 दिवस थांबून दुसऱ्याला देता येतो. माझ्या ते लक्षातही आलं नाही, कारण कोड ईमेलवरही यायचा आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तो ईमेल कायम उघडा असायचा.

10 सप्टेंबर 2022, विसर्जनाचा दुसरा दिवस. विक्रीचं विवरणपत्र भरायची मुदत 11 तारखेची. आदल्या आठवड्यात कॉम्प्युटरची हार्डडिस्क गेली होती. नव्या मशीनवर ईमेलचा पासवर्ड टाकला, तर पडद्यावर आलं की ओळख पटवायला कोड पाठवला आहे. खाली नंबराचे शेवटचे दोन आकडे. कपाटातून फोन काढला, चार्ज केला. सिमला नेटवर्क नव्हतं.

मी माझ्याच जुन्या नंबरावर फोन लावला. एका मुलीनं उचलला. सगळं सांगितलं आणि म्हणालो, "बेटा, तुला आत्ता एक कोड आला असेल, तेवढा वाचून दाखव." ती थोडं थांबली. मग म्हणाली, "काकाजी, ओटीपी कोणालेच सांगाचा नाही म्हणतात ना. तुमी असं काहून विचारून राहिले?" आणि फोन ठेवला. माझ्याच सगळ्या शेठना मी हेच बजावत आलो होतो. त्या क्षणी मला जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

पुढचे सतरा दिवस नंबर बदलून घ्यायला जीएसटी ऑफिसांच्या पायऱ्या चढण्यात गेले. काही दुकानं राज्याच्या अखत्यारीत, काही केंद्राच्या. प्रत्येक मालकाला कागदपत्रांसह सोबत न्यावं लागलं. सत्तरी उलटलेले एक शेठ बाकावर दोन तास बसले, मला एक शब्द बोलले नाहीत. 27 तारखेला शेवटचं खातं सुरू झालं. करभरणीची मुदत 20 तारखेची, उशिराला दिवसाला 50 रुपये. ते आणि वरचं व्याज मी भरलं. तो आकडा किरकोळ होता. नवरात्राच्या तोंडावर दारांच्या चौकटींचा मोठा माल गेला होता. विक्रीची नोंद वेळेत न चढल्यामुळे माल घेणाऱ्याच्या 14 तारखेला निघणाऱ्या पत्रकात ती बिलं दिसली नाहीत. त्याला भरलेल्या कराचं क्रेडिट मिळेना, म्हणून त्यानं पैसे थांबवले. त्यावर आरामशीनवरच्या माणसांचा पगार अडला. त्यांच्यापैकी कुणी जीएसटीचं नावही काढत नसेल. ती रक्कम मी भरून देऊ शकलो नाही. दोन दुकानं माझ्याकडून गेली. योग्यच केलं त्यांनी.

ऑक्टोबरात त्याच म्हाताऱ्या शेठचा फोन आला. कोड त्यांच्या मोबाइलवर पहिल्यांदाच आला होता. "आला हो, लिहून घ्या," म्हणाले आणि पहिला आकडा वाचलाही.

"थांबा शेठजी, सांगू नका. मी दुकानात येतो. तुम्हीच टाका."

टेलिफोन एक्सचेंज चौकातून चालत गेलो. त्यांनी हाताचा भुसा झटकला, चष्मा लावला आणि एका बोटानं, एकेक आकडा दोनदा बघत, सही केली.