दाभोळहून गोवळकोटला, एका ओहोटीच्या मुक्कामासह

२२ जुलै २०२१ हा दिवस चिपळूणकर विसरणार नाहीत. त्या दिवशी आमच्या गोवळकोटच्या घरात वाशिष्ठीचे पाणी जिन्याच्या नवव्या पायरीपर्यंत आले होते. अम्मी, दोन लहान मुले आणि शेजारच्या दादी वरच्या खिडकीतून एका मच्छीमाराच्या होडीत उतरल्या, म्हणून वाचल्या. तेव्हापासून अब्बांचा एकच धोशा, दुसरे काही नसले तरी चालेल, दारात होडी हवी.

तीन वर्षे पैसे साठवले. भाई कुवेतहून पाठवत होता, थोडे अब्बांच्या निवृत्तीचे होते. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, त्याच्या तोंडावर होडी स्वस्तात मिळेल असा आमचा हिशेब. खाडीच्या मुखाजवळच्या एका गावात बावीस फुटी फायबरची होडी आणि तिचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन आम्ही एक लाख पासष्ट हजारांना घेतले. पाहायला गेलो तेव्हा इंजिन एका हाकेत सुरू झाले. वर हात ठेवला तर कोमट लागले. ऑइल काढून पाहिले तर मधासारखे स्वच्छ. तापमानाचा काटा चालत नव्हता, पण विकणारे गृहस्थ म्हणाले, "त्याची गरज लागत नाही." आम्हाला तेही पटले. जहाजावर सुकाणी म्हणून उभा जन्म काढलेले चाचा सोबत होते, त्यांनीही मान डोलावली.

होडी खाडीतूनच घरी आणायची ठरली. दाभोळहून भरती लागताच निघायचे, म्हणजे पाणीच अर्धे काम करते. पण कागदपत्रांत वेळ गेला, आणि खरे सांगायचे तर दाभोळ पाहण्यातही गेला. धक्क्याजवळची ती विजापुरी धाटणीची मशीद आम्ही लहानपणी एकदाच पाहिली होती. सतराव्या शतकातली. विजापूरची एक शहजादी हजला निघाली होती, दाभोळपर्यंत आली आणि पुढचा समुद्रप्रवास धोक्याचा म्हणून थांबली. सोबत आणलेली रक्कम तिने या मशिदीवर खर्च केली, असे इथे सांगतात. एके काळी या बंदरातून हाजींची गलबते सुटत. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी हे शहर जाळले होते. आज धक्क्यावर धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीची रांग असते, त्यात गाड्या आणि आंब्याच्या पेट्या. चहा घेता घेता अकरा वाजले. निम्मी भरती तिथेच संपली.

बिस्मिल्लाह म्हणून निघालो. उजवीकडे अंजनवेलचा गोपाळगड मागे पडला आणि खाडी आत वळली. दोन्ही काठांना तिवरांची दाट झाडी, मध्येच एखादे कौलारू गाव, पाण्यात उतरलेल्या पायऱ्या. चिपळूण-दाभोळ रस्त्याने आम्ही शेकडो वेळा गेलो असू, पण खाडी कधी अशी पाहिली नव्हती. भाऊ सुकाणूवर, अब्बा नाळेवर बसलेले, डोक्यावर रुमाल. इतके खुश आम्ही त्यांना पुराआधीही पाहिले नव्हते.

जगबुडीचे पाणी वाशिष्ठीला मिळते, तिथून थोडे पुढे आलो आणि मागून पांढरी वाफ येऊ लागली. मागच्या नळीतून थंड करून परतणारे पाणी धारेने पडायला हवे, ते थेंब थेंब गळत होते. ते किती वेळ तसे होते कोण जाणे, आमचे लक्षच नव्हते. इंजिन धाप लागल्यासारखे दोनदा खोकले आणि भावाने ते बंद केले. अर्ध्या तासाने निवल्यावर डिपस्टिक काढली. सकाळचे मधासारखे ऑइल दूध घातलेल्या चहासारखे झाले होते. ऑइलमध्ये पाणी शिरले होते. चाचांनी ती काडी बराच वेळ हातात धरली आणि हळूच म्हणाले, "इंजिन कोमट का होतं, हे विचारायला हवं होतं. थंड इंजिन आपण सुरू करायला लावलंच नाही."

अब्बा काहीच बोलले नाहीत. ते आम्हाला जास्त लागले.

तेवढ्यात ओहोटी लागली. वल्ह्यांनी उलट्या पाण्यावर जाणे शक्य नव्हते, म्हणून काठाला येऊन नांगर टाकला. तासाभरात पाणी सरकले आणि होडी चिखलात बसली. सहा तास तिथेच. उतरून चालत जावे म्हटले तर चिखल मांडीपर्यंत, शिवाय वाशिष्ठीत मगरी आहेत. पलीकडच्या बेटावर एक तोंड उघडून पडलेलीही होती. चिखल उघडा पडला तसे लाल नांगीचे छोटे खेकडे हजारोंनी बाहेर आले. दोन बायका गुडघाभर चिखलात मुळे काढत आल्या. "कोणाची हो होडी?" त्यांनी विचारले. अब्बा म्हणाले, "आमचीच." त्यांच्याकडची भाकरी आणि सुकटीची चटणी आम्ही पाच जणांत वाटून खाल्ली. पूर्वी इथे मासे किती मिळत आणि कारखान्यांचे पाणी येऊ लागल्यावर कसे कमी झाले, ते त्या सांगत होत्या. असरची नमाज होडीतच बसून झाली.

अंधार पडल्यावर भरती आली. होडी आधी थोडी हलली, मग सुटली. वल्ही फक्त दिशेपुरती मारत, पाण्यावर सोडून दिल्यासारखे आम्ही मध्यरात्री गोवळकोटच्या धक्क्याला लागलो.

मिस्त्रीने पंप उघडला तर रबरी पंख्याची निम्मी पाती गायब. इंजिन आधीच कधीतरी भरपूर तापले होते, हेडचे गॅस्केट गेले होते, आणि विकण्याआधी नवे ऑइल भरून ते झाकले होते. खर्च सांगितला अडतीस हजार. भावाने होडी विकणाऱ्यांना फोन लावला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मी घेतली तेव्हा मलाही कुणी सांगितलं नव्हतं." त्यावर भावालाही काही सुचले नाही. ऐब लपवून माल विकला तर घेणाऱ्याला सौदा मोडायचा हक्क आहे, हे आम्हाला माहीत होते. भांडायचे मात्र अब्बांनी ठरवले नाही. आम्हाला तो निर्णय अजून पुरता पटलेला नाही.

आठवड्याभरात एक ओळखीचा माणूस आला. जशी आहे तशी एक चाळीसला घेतो म्हणाला. त्याला वाळूच्या कामासाठी हवी होती. आम्ही एकमेकांकडे पाहिले. नवे ऑइल, नवा पंखा, पाहायला येण्याआधी दहा मिनिटे इंजिन चालवून ठेवायचे. सगळे आम्हाला आता येत होते. अब्बांनी त्याला बसवले, चहा दिला आणि डिपस्टिक काढून हातात दिली. चहा संपवून तो गेला.

भाईने कुवेतहून पुन्हा पैसे पाठवले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात इंजिन बसले. होडी आता मागच्या माडाला बांधलेली असते. दोर मुद्दाम लांब ठेवला आहे, पाणी चढले तर तिला वर येता यावे म्हणून. दर जुम्म्याला नमाजनंतर अब्बा छत्री घेऊन तिच्याकडे जातात, इंजिनवर तळहात ठेवून ते पुरते थंड आहे याची खात्री करतात आणि मग सुरू करतात. अम्मी खिडकीतून ओरडून विचारते, "पाणी पडतंय का मागून?"